हजेरीपटाबाहेरचा माणूस

१/ मुंबईच्या सामान्य गिरणी कामगाराचे चरित्र कोणी लिहिले नाही. ते निरनिराळ्या दप्तरांत विखुरलेले आहे.

२/ १९२१च्या जनगणनेनुसार सुमारे ८४ टक्के मुंबईकर शहराबाहेर जन्मलेले होते. म्हणून शोधाचा आरंभ बहुधा रत्नागिरी, सातारा अशा जिल्ह्यांतील मोडी लिपीतल्या कोतवाल बुकापासून करावा लागतो.

३/ शहरात तो गिरणीच्या हजेरीपटावर भेटतो. परंतु बदली कामगार सकाळी फाटकाशी उभा राही. जॉबरने आत घेतले नाही, तर त्या दिवशी त्याची हजेरी लागतच नसे.

४/ मुंबईतच देह ठेवला, तर अखेरची नोंद महापालिकेच्या मृत्युनोंदवहीत सापडते. मधल्या कोऱ्या रकान्यांना संशोधकाने गैरहजेरी समजू नये. तो आला होता. काम मिळाले नव्हते.