जडेजा परत राजस्थानला गेला आणि आमची जुनी वही बाहेर आली

मंडळी, पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा. तपोवनातल्या झाडांवर कधी लिहिणार म्हणून चार जणांचे मेसेज आलेत, त्यावरही लिहीन. पण आज विषय क्रिकेटचा आहे. खरं तर क्रिकेटचाही नाही, पैशाचा आणि सवयीचा आहे.

15 नोव्हेंबर 2025 ला आयपीएलच्या संघांनी कोणाला ठेवलं, कोणाला सोडलं, कोणाची अदलाबदल केली याची यादी आली. संजू सॅमसन 18 कोटींवर चेन्नईला. बदल्यात रवींद्र जडेजा आणि सॅम करन राजस्थानला. जडेजाचा भाव 18 वरून 14 कोटी. शमी लखनौला, आपला पालघरचा शार्दुल ठाकूर 2 कोटींत मुंबईला, अर्जुन तेंडुलकर 30 लाखांत मुंबईहून लखनौला. त्याच संध्याकाळी गंगापूर रोडवर आमच्या नेहमीच्या टपरीवर वाद पेटला. जडेजाचे पॉइंट वाढणार की घटणार?

ज्यांना हा प्रश्नच कळला नाही त्यांच्यासाठी सांगतो. फॅन्टसी म्हणजे खऱ्या खेळाडूंचा आपला कागदी संघ. त्यांनी मैदानावर जे केलं, त्याचे पॉइंट तुम्हाला. आता खेळाडू तोच, हात तेच, पण संघ बदलला की त्याचं काम बदलतं. कितव्या नंबरवर येणार, पॉवरप्लेत टाकणार की शेवटच्या षटकांत, घरचं मैदान चेपॉकसारखं फिरकीचं की चिन्नास्वामीसारखं चौकार-षटकारांचं. खरा खेळाडू तेवढाच चांगला राहतो, कागदावरचा मात्र रातोरात महाग किंवा स्वस्त होतो.

हे आपण शोधलेलं नाही. अमेरिकेत बेसबॉलचा हंगाम संपला की हिवाळाभर खेळाडूंची अदलाबदल चालते आणि तिथला प्रेक्षक शेकोटीजवळ बसून तेवढंच चघळतो. सगळ्यात गाजलेली अदलाबदल 1919 च्या डिसेंबरातली. बॉस्टनने बेब रूथ न्यूयॉर्क यांकीजला विकून टाकला. 1919 मध्ये त्याचे होमरन 29, 1920 मध्ये 54! माणूस वर्षभरात दुप्पट ताकदवान झाला का? नाही. बॉस्टनमध्ये तो चेंडूही फेकायचा, न्यूयॉर्कने ते जवळपास बंद करून त्याला रोज फटके मारायला उभं केलं. शिवाय तिथल्या मैदानाची उजवीकडची सीमा अगदी जवळ होती, आणि रूथ डावखुरा. काम बदललं, मैदान बदललं, आकडे बदलले. पुढे 1980 मध्ये डॅनियल ओक्रेंट नावाच्या लेखकाने मित्रांना जमवून कागदी लीग काढली. ज्या रेस्टॉरंटात त्यांचं जेवण व्हायचं, त्याचंच नाव लीगला पडलं, रॉटिसरी. त्या लीगचा मुद्दा एकच लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. संघ घ्यायचा तो अख्ख्या हंगामासाठी.

आपल्याकडे 2000 नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत टीव्हीवाल्यांचा सुपर सिलेक्टर होता, आठवतो का? कॉलेजात असताना सायबर कॅफेत तासाचे पैसे भरून आम्ही संघ लावायचो. पण अदलाबदलीची खरी गंमत आयपीएलबरोबर आली.

2008 चा पहिला हंगाम झाला आणि 2009 च्या आधी पहिल्यांदा खेळाडू इकडचे तिकडे झाले. श्रीरामपूरचा झहीर खान बेंगळुरूहून मुंबईला आला, रॉबिन उथप्पा मुंबईहून बेंगळुरूला गेला. दुसरीकडे आशिष नेहरा मुंबईहून दिल्लीला, शिखर धवन दिल्लीहून मुंबईला. आम्ही आठ जणांनी त्याच वर्षी वही काढली. दोनशे पानी, लाल पुठ्ठ्याची. सकाळी पेपरातलं धावफलक कापायचं आणि पॉइंट मांडायचे. हरलेल्या तिघांनी सगळ्यांना मिसळ द्यायची, एवढीच पैज.

मी धवन घेतला होता. आदल्या वर्षी दिल्लीकडून 340 धावा केल्या होत्या, मला वाटलं मुंबईत येऊन तर उडवेल. त्याने पाच सामन्यांत 40 धावा केल्या. ज्याला आम्ही सगळे संपला म्हणत होतो, त्या नेहराने दिल्लीकडून 19 बळी घेतले. मिसळीचे पैसे मी भरले. पण एक धडा मिळाला, की मोठ्या संघात जाणं म्हणजे जास्त खेळायला मिळणं नव्हे. मोठ्या संघात रांगही मोठी असते.

त्यानंतर जडेजाचं प्रकरण झालं. 2008 ला राजस्थानने चषक जिंकला तेव्हा हा पोरगा त्या संघात होता. 2010 च्या आधी, राजस्थानशी करार असताना दुसऱ्या संघाशी परस्पर बोलणी केली म्हणून त्याच्यावर एका हंगामाची बंदी आली. म्हणजे खेळाडूने स्वतः दार ठोठावलं तर गुन्हा, आणि मालकांनी आपसांत सौदा केला तर ट्रेड. आता पंधरा-सोळा वर्षांनी मालकांच्या सहीने तोच जडेजा त्याच राजस्थानला परत गेला. आयपीएलचा इतिहास लिहायला कोणी बसलं तर हे एक प्रकरण पुरेल.

आमच्या वहीतलं सगळ्यात खाडाखोड झालेलं पान अजिंक्य रहाणेचं. संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दचा, त्यामुळे आमच्यातल्या संगमनेरवाल्या मित्राने तो कधी सोडलाच नाही. 2019 ला राजस्थानकडून 393 धावा, दिल्लीविरुद्ध नाबाद 105. त्या नोव्हेंबरात दिल्लीनेच त्याला घेतला. तिथे धवन आणि पृथ्वी शॉ सलामीला होतेच. रहाणे सलामीचा माणूस, त्याला जागा उरली कुठे? 2020 मध्ये 9 सामने, 113 धावा. आणि त्याच्या बदल्यात दिल्लीने राजस्थानला दिलेल्या दोघांत राहुल तेवतिया होता, ज्याला वहीत कोणी शेवटच्या फेरीतही घेत नव्हतं. त्याने शारजात कॉट्रेलला एका षटकात पाच षटकार मारले आणि हंगामात 255 धावा नि 10 बळी नोंदवले. ज्याने तो फुकटात घेतला होता, त्याने पुढे दोन वर्षं आमचं डोकं खाल्लं. आणि रहाणे? 2023 ला चेन्नईने 50 लाखांत घेतला आणि मोकळं खेळ म्हणून सोडला, तर 172 च्या स्ट्राइक रेटने 326 धावा. माणूस तोच हो!

हर्षल पटेलचंही तसंच. 2020 ला दिल्लीकडून पाच सामने, 3 बळी. 2021 च्या आधी बेंगळुरूला गेला, त्यांनी शेवटची षटकं हातात दिली, 32 बळी. शेवटच्या षटकांत फलंदाज मारायलाच जातो, धावाही जातात आणि बळीही मिळतात, आणि फॅन्टसीत बळीला भाव असतो. उलटं उदाहरण हार्दिकचं. गुजरातमध्ये 2022 ला वरच्या नंबरवर येऊन 487 धावा. मुंबईला परतल्यावर 2024 मध्ये खाली यावं लागलं, 216 धावा, पण बळी 11. त्याच सौद्याच्या ओघात साडेसतरा कोटींचा कॅमेरून ग्रीन मुंबईहून बेंगळुरूला गेला आणि 452 धावांवरून 255 वर आला. वहीत आम्ही एक नियमच करून टाकला होता. ट्रेडची बातमी आली की आधी बघायचं, नव्या संघात त्याच्या जागेवर कोण बसलंय. रक्कम नंतर बघायची.

आता मुद्द्यावर येतो.

वही 2017 च्या सुमारास बंद पडली. भांडण झालं नाही, मोबाईल आला. ड्रीम इलेव्हन ही मुंबईची कंपनी 2008 सालची, पण घराघरात पोचली ती स्वस्त डेटा आल्यावर. 2020 ला तर आयपीएलचं नावच तिच्यावरून होतं, 222 कोटी मोजून. पुढे भारतीय संघाच्या छातीवरही ती आली. पण अॅपने खेळ बदलला तो असा, की हंगामाचा संघ गेला आणि रोजचा संघ आला. संध्याकाळी साडेसातला अकरा जण निवडा, कर्णधाराला दुप्पट पॉइंट, उपकर्णधाराला दीडपट, साडेअकराला निकाल, उद्या पुन्हा.

यात हिवाळ्यातल्या ट्रेडचं काय उरलं? जवळपास काही नाही. जडेजा राजस्थानला जाऊन काय करेल याचा नोव्हेंबरात विचार केलेल्याला जो फायदा मिळायचा, तो पहिल्या दोन-तीन सामन्यांत सगळ्या जगाला दिसतो आणि अॅप त्याची किंमत बदलून टाकतं. सहा महिन्यांची वाट बघणं हीच आमच्या खेळातली खरी अक्कल होती, तीच काढून टाकली. उरलं काय, तर टॉस, शेवटच्या क्षणी बदललेला संघ, आणि नशीब.

कोर्टांनी याला कौशल्याचा खेळ म्हटलं होतं, हे मान्य. तो वाद जुना आहे. 1957 च्या चमारबागवाला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बक्षिसाच्या शब्दकोड्यांच्या निमित्ताने कौशल्य आणि जुगार यांच्यात रेघ मारली. त्याच रेघेवर उभं राहून 2017 ला पंजाब-हरियाणा आणि 2019 ला मुंबई उच्च न्यायालयाने फॅन्टसी जुगार नाही म्हटलं. माझा कायद्याचा अभ्यास नाही. पण मुंबईचा मटका न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावावरून सुरू झाला, तेव्हा कापसाच्या बाजाराचा अभ्यास करून आकडा लावणारेही असतीलच. अभ्यास करता येतो म्हणून हरलेले पैसे परत येत नाहीत.

आमच्या एका मित्राच्या मुलाचं सांगतो, नाव आणि अॅप दोन्ही लिहीत नाही. मुलगा हुशार, इंजिनिअरिंगला. सुरुवात 49 रुपयांनी. हर्षल पटेल त्यानेही ओळखला होता, आमच्या आधी. एका रात्री चार हजार जिंकला, बापाला मिसळ खाऊ घातली. दोन वर्षांनी कळलं की कॉलेजची फी गेली, मित्रांकडून उसने गेले, आणि मोबाईलवरून कर्ज देणाऱ्यांचे फोन आईला येऊ लागले. मित्र सोमेश्वरपाशी गाडी थांबवून रडला माझ्यासमोर. म्हणाला, ‘अरे, त्याला खेळाचं कळतं रे, म्हणून तर थांबला नाही.’ हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. ज्याला काहीच कळत नाही तो दोनदा हरून गप्प बसतो. ज्याला कळतं, त्याला वाटतं पुढच्या वेळी बरोबर येईल.

मग 2025 चा ऑगस्ट. 20 तारखेला लोकसभा, 21 ला राज्यसभा, 22 ला राष्ट्रपतींची सही. पैशाचे ऑनलाइन खेळ बंद. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, खेळणाऱ्याला शिक्षा नाही. आशिया चषकात भारतीय संघ छातीवर नाव नसलेली जर्सी घालून उतरला. तीन दिवसांत एवढं मोठं विधेयक मंजूर, चर्चा जवळपास नाहीच, हे मला पटलेलं नाही, आणि त्या कंपन्यांत नोकरी करणाऱ्या पोरांची दोन दिवसांत काय अवस्था झाली असेल तेही दिसतं. तरी बंदी आली त्याचं मला दुःख नाही. मित्राच्या घरी जेवणाच्या ताटावर फोन वाजत होता, ते मी पाहिलंय.

(याच वर्षी आपल्या सिन्नरच्या आमदारसाहेबांचा विधान परिषदेतला मोबाईलचा व्हिडिओ गाजला. आपण रमी खेळत नव्हतो, जाहिरात बंद करत होतो, असं कोकाटे यांनी सांगितलं. जुलैअखेर कृषी खातं जाऊन क्रीडा खातं आलं. भर हंगामातला ट्रेड म्हणायचा. पॉइंट वाढले की घटले ते ज्याने त्याने मांडावं.)

तर 15 नोव्हेंबरला टपरीवर वाद पेटला तेव्हा तो मुलगाही होता. सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘काका, जडेजा राजस्थानला वर खेळेल. चेन्नईत त्याच्या वर नेहमी कोणीतरी असायचं. पण बळी कमी होतील, चेपॉक नाही ना.’ मग शार्दुलवर बोलला, की वानखेडे त्याचं घरचं मैदान, पण मुंबईकडे बुमराह-बोल्ट असताना नवा चेंडू कोण देणार, 2 कोटींचा माणूस बाकावरही बसू शकतो. आणि आपला नाशिकचा रामकृष्ण घोष? चेन्नईने 2024 च्या लिलावात 30 लाखांना घेतला, 2025 चा अख्खा हंगाम बाहेर बसला. करन गेल्याने त्याला जागा होते का, यावर तो दहा मिनिटं बोलला. खिशात हात, मोबाईल बाहेर नाही.

मी घरी जाऊन माळ्यावरून वही काढली. पहिल्या पानावर धवन, 40 धावा, माझं नाव, पुढे ‘मिसळ ×8’. पुढची शंभरेक पानं कोरी आहेत.

डिसेंबरातला लिलाव झाला की येणाऱ्या रविवारी सकाळी नऊला बसायचं ठरलंय. आठातले दोघे पुण्याला गेले, एक दुबईला. जागा तीन रिकाम्या. पैसे नाहीत, धावफलक पेपरातूनच कापायचं, संघ मे अखेरपर्यंत तोच. वही त्या मुलाकडे राहील, असं त्याच्या बापानेच सुचवलं. नियमावर एकच वाद बाकी आहे. संगमनेरवाला म्हणतो, रहाणे त्याच्याकडे आपोआप आला पाहिजे, 2009 पासूनचा हक्क आहे. बाकीच्यांचं म्हणणं, बोली लावून घे.