चौदा रुपये भाडं आणि माझा (न घेतलेला) दुसरा फ्लॅट

गेले दोन महिने ऑफिसात जेवणाच्या टेबलावर एकच विषय आहे. दुसरा फ्लॅट घ्यायचा, भाड्याने द्यायचा, म्हणजे हप्ता भाडेकरूच भरतो! मीही एक्सेल शीट उघडून बसलो होतो. मग एका रविवारी बाबांना दाखवली. त्यांनी चष्मा लावून वाचली आणि एवढंच म्हणाले, "तुझ्या आजोबांनापण असंच वाटलं होतं."

आजोबांचा सदाशिव पेठेत वाडा होता. मागच्या बाजूला चार बिऱ्हाडं, प्रत्येकी दोन खोल्या, भाडं महिना 14 रुपये. हे 1950 च्या आसपासचं. गंमत म्हणजे बाबांच्या लग्नातही भाडं तेवढंच होतं, फक्त वर पट्टीची थोडी रक्कम. चौघांचं मिळून वर्षाचं भाडं 672 रुपये. कौलं शाकारायला यापेक्षा जास्त लागायचे. मग आजोबा शाकारायचेच नाहीत. भाडेकरू पातेली लावायचे आणि दोन्ही बाजू एकमेकांशी बोलायच्या नाहीत. पुण्यातल्या निम्म्या वाड्यांची हीच कथा असावी.

हे असं का झालं ते शोधायला लागलो आणि रविवार संपला.

मूळ आहे महायुद्धात. युद्ध आलं की शहरात माणसं वाढतात, बांधकाम थांबतं, भाडी भडकतात. ग्लासगोमध्ये 1915 साली भाडेकरूंनी संप केला आणि ब्रिटनला भाडी गोठवावी लागली. आपल्याकडे मुंबईत 1918 साली तसाच कायदा आला. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा तेच, आणि मग आला 1947 चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा. 1 सप्टेंबर 1940 रोजी जे भाडं असेल ते 'प्रमाण भाडं'. जागा त्यानंतर पहिल्यांदा दिली असेल, तर तेव्हा जे ठरलं ते. कर वगैरे वाढले तर तेवढी भर, बाकी भाडं जागच्या जागी. शिवाय भाडेकरू गेला तर त्याच्याबरोबर राहणारं कुटुंब भाडेकरू. कायदा तात्पुरता होता म्हणे! मुदत वाढत वाढत तो पन्नास वर्षं चालला.

आता तुम्ही म्हणाल, केवढा अन्याय मालकांवर. मीही तेच म्हणालो, पण आईसमोर. आईचं माहेर नारायण पेठेत, दोन खोल्यांचे भाडेकरू. आजी लगेच म्हणाली, "तो कायदा नसता तर तुझ्या आईचं शिक्षण फुटपाथवर झालं असतं. आजोबांचा पगार काय होता ठाऊक आहे का?" गप्प बसलो. ;-)

असो. मालकांनी पळवाट काढली: 'भाडेकरू' म्हणायचंच नाही, 'परवानगीने राहणारा' म्हणायचं. हेच ते लिव्ह अँड लायसन्स. सरकारने 1973 साली तीही बुजवली. 1 फेब्रुवारी 1973 रोजी असा करार चालू असताना जो जागेत राहत होता, तो थेट संरक्षित भाडेकरू झाला. मग मालकांनी जागा कुलूप लावून ठेवली, पण दिली नाही. ज्याच्याकडे रोख होती त्याने पागडी दिली. भाड्यासाठी घरं बांधणं परवडेना, म्हणून सगळे मालकीच्या फ्लॅटकडे वळले. "स्वतःचं घर हवंच" हे आपलं मध्यमवर्गीय वेड थोडंफार या कायद्यातूनही आलंय असं मला वाटतं.

डिसेंबर 1997 मध्ये सुप्रीम कोर्टाने मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सांगितलं की गोठवलेलं भाडं आता वाजवी राहिलेलं नाही. त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 आला, 31 मार्च 2000 पासून लागू. जुन्या भाडेकरूंचं संरक्षण राहिलं, भाडं वर्षाला 4 टक्के वाढवता येऊ लागलं. आणि लायसन्सची मुदत संपली की राहणाऱ्याने जागा सोडायची, नाहीतर दुप्पट रक्कम भरायची. हिंजवडी-वाकडला आपण एजंटाकडून फ्लॅट घेतो-देतो ते याच कलमाच्या जिवावर.

तर नवशिक्यांनी (म्हणजे मीच) यातून काय घ्यायचं?

एक, करार लेखी आणि रजिस्टर्ड हवाच. "11 महिन्यांचा आहे, नोटरी चालेल" हे महाराष्ट्रात चालत नाही. नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती केली नाही तर अटींबद्दल भाडेकरू सांगेल ते खरं धरलं जातं, उलटं सिद्ध करायचं काम तुमचं. दंड आणि कैदेचीही तरतूद आहे.

दोन, पेठेतली जागा 'स्वस्तात' मिळत असेल तर आत कोण राहतंय आणि कोणत्या कागदावर, ते आधी बघा. भाडेकरूसकट जागा घेतली की त्याचे हक्कही विकत घेतले.

तीन, हिशोब बाराऐवजी अकरा महिन्यांचा करा. माझी शीट: फ्लॅट 80 लाख, भाडं 22 हजार. एक महिना रिकामा धरला तर 2 लाख 42 हजार. सोसायटीचा मेंटेनन्स 36 हजार, मिळकत कर 16 हजार, रंग-नळ-गीझर 10 हजार. उरले 1 लाख 80 हजार, म्हणजे सव्वादोन टक्के. 60 लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी धरलं तर पहिल्या वर्षाचं व्याजच पाच लाखांच्या वर! हप्ता भाडेकरू भरतो म्हणे. उरलेले सव्वातीन लाख, आणि वर मुद्दल, मी भरतो, जागेचे भाव वाढतील या आशेवर. आजोबांनाही जागा शेवटी भावानेच तारलं. बिल्डर आला, बिऱ्हाडांना फ्लॅट मिळाले, आम्हालाही. पण त्याला चाळीस वर्षं लागली, आणि ते बघायला आजोबा नव्हते.

चौथी गोष्ट शीटमध्ये बसत नाही. मी बंगलोरला दोन वर्षं भाड्याने राहिलो. दहा महिन्यांचं डिपॉझिट दिलं आणि सोडताना रंगाच्या नावाखाली बरंच कापून घेतलं गेलं. तेव्हा मला आजीच्या बाजूचा कायदा हवा होता. आता मालक व्हायचं म्हटल्यावर आजोबांच्या बाजूचा हवाय.

फ्लॅट तूर्तास घेत नाहीये. शीट डिलीट मात्र केलेली नाही. बाबा विचारत होते, नवीन भाव काय चाललाय म्हणून.