पयलो कोण जातलो?

तारकर्लीला मामाच्या ओटीवर एक लांबट वही असते. आडव्या ओळी खोल्यांच्या, उभे रकाने तारखांचे, सगळं शिसपेन्सिलीत. 1997 साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला, पुढच्या वर्षी कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली आणि हळूहळू किनाऱ्यावरच्या घरांत अशा वह्या आल्या. तेव्हा मामाकडे पाहुण्यांची खोली एकच होती.

डिसेंबरात फोन यायचे ते असे: पुणेकर 22 ते 29, कोल्हापूरकर 23 ते 26, सांगलीकर 25 ते 27, बेळगावकर 26 ते 29, मुंबईकर 29 ते 31. कोणाला हो म्हणायचं? आधी येणाऱ्या पुणेकरांना घेतलं, तर मागून फक्त मुंबईकर बसतात. थोडेच दिवस राहणाऱ्या सांगलीकरांना घेतलं, तरी तेच. मामा म्हणायचा, "पयलो कोण जातलो, ता बघ." म्हणजे कोल्हापूरकर घ्या, मग बेळगावकर, मग मुंबईकर. तीन कुटुंबं.

हे नशीब नव्हे. कुठलीही उत्तम मांडणी घ्या, तिच्यातला पहिला पाहुणा काढून सर्वांत आधी खोली सोडणारा बसवा; मागच्या कोणालाही धक्का लागत नाही. एवढीच सिद्धता.

या रीतीचं सख्खं भावंड समुद्रावरचं आहे, हे मला उशिरा कळलं. 1954 मध्ये डँट्झिग आणि फुल्कर्सन यांनी तेलवाहू जहाजांचा प्रश्न मांडला: फेऱ्यांचं वेळापत्रक ठरलेलं आहे, तर कमीत कमी किती जहाजं लागतील? वरचे पाचही फोन स्वीकारायचे तर खोल्या किती, असंच ते. 25 च्या रात्री तीन कुटुंबं एकदम असतात, म्हणून तीन खोल्या हव्यातच. आणि येतील त्या क्रमाने रिकामी खोली देत गेलं तर तीन पुरतात. जहाजाला मात्र पुढच्या बंदरापर्यंत रिकामं जावं लागतं, खोली जागची हलत नाही. मामाचं काम तेवढं सोपं.

1971 मध्ये हाशिमोतो आणि स्टीव्हन्स यांनी सर्किटच्या पाटीवर तारा बसवायला डाव्या कडेपासून ओळी भरत नेण्याची युक्ती छापली. ती आकृती पाहिली आणि मला मामाची वहीच आठवली. त्याच वर्षी जॅक एडमंड्सच्या एका लेखाच्या शीर्षकात 'ग्रीडी' हा शब्द झळकला. ग्रीडी म्हणजे हावरट: समोर दिसतं ते उचलायचं, मागे वळून बघायचं नाही. आधी जाणाऱ्याला आधी जागा देणाऱ्या रीतीला हावरट म्हणणं मला तरी पटत नाही.

एकदा मामाने पुणेकर खोडले, तशी मामी आतून आली. "माणसां कित्याक मोजतास? राती मोजा." मोजल्या. तीन कुटुंबांच्या रात्री आठ; पुणेकर आणि मुंबईकर मिळून नऊ. भाडं मोजायचं म्हटलं की मामाचा नियम लंगडा पडतो. प्रत्येक पाहुण्यागणिक घेतला तर काय नि सोडला तर काय, असे दोन्ही हिशेब धरून ठेवावे लागतात. रिचर्ड बेलमनने 1950 च्या दशकात अशा हिशेबाला डायनॅमिक प्रोग्रॅमिंग हे नाव दिलं. मामीने खोडरबर घेतला आणि पुणेकर परत लिहिले. चादरीही दोनदाच धुवायच्या होत्या.