घाम कुणासाठी?

समुद्रसपाटीच्या चारेक मीटर खाली असलेल्या नेदरलँड्समधल्या मुलखात चढण हवी असेल, तर ती माणसांनीच रचावी लागते. अ‍ॅमस्टेलव्हीनच्या हद्दीत बहुतांशी मोडणाऱ्या ‘अ‍ॅमस्टरडॅमसे बोस’ या जंगलात अशी एक टेकडी आहे. सह्याद्रीत वाढलेला माणूस तिला टेकडी म्हणायलाही कचरेल. पण सपाटीला कंटाळलेले सायकलवाले आणि धावणारे तिच्यावर चढ-उतार करत असतात. त्यात केस विरळ झालेले, घटकेघटकेला मनगटावरच्या घड्याळात नाडीचे ठोके बघणारे गृहस्थही पुष्कळ. जंगलाची गोष्टही टेकडीसारखीच. इथं पूर्वी पोल्डर होता, म्हणजे पाणी उपसून काढलेली शेतजमीन.

वाढत्या अ‍ॅमस्टरडॅमला मोकळी हवा हवी, हा आग्रह विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून ज्यांनी धरला, त्यांत याक. पी. टेइसे हा निसर्गवेडा शिक्षक पुढे होता. नगरपालिकेनं १९२८ साली जंगलाला मान्यता दिली. कोर्नेलिस फान एस्टरेन आणि याकोबा मुल्डर यांनी आराखडा केला. बाकांवर बसून फुलं बघण्याची बाग त्यांना करायची नव्हती. चालणं, वल्हवणं, घोड्यावरून फिरणं, खेळणं यांसाठी ती जागा होती. सुमारे हजार हेक्टरांवर शहरातल्या माणसानं हातपाय हलवावेत, हा सरळ हेतू होता.

मग मंदी आली. १९३४ साली काम सुरू झालं ते बेकारांना काम देण्याची योजना म्हणून. जास्तीत जास्त हातांना काम मिळावं म्हणून यंत्रांपेक्षा फावडं आणि ढकलगाडी यांवरच भर होता. सगळं मिळून वीसेक हजार माणसं तिथं राबली. अ‍ॅमस्टरडॅमचा हिऱ्यांचा धंदा तेव्हा बसला होता, कचेऱ्यांतल्या नोकऱ्या गेल्या होत्या; आयुष्यात कधी कुदळ न धरलेले चाळिशी-पन्नाशीचे पुरुषही ओल्या मातीत फळ्या टाकून त्यांवरून गाड्या ढकलत होते. काम नाकारलं तर भत्ता बंद. महाराष्ट्रात १९७२च्या दुष्काळात खडी फोडलेल्या पिढीला हे चित्र वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

त्या खोदकामातून १९३७ साली ‘बोसबान’ खुला झाला: २,२०० मीटर लांब, वल्हवण्याच्या शर्यतींसाठी मुद्दाम खणलेला सरळसोट कालवा. अशा कृत्रिम शर्यती-कालव्यांत तो जगातला सर्वांत जुना मानला जातो. जंगलाचं शेवटचं झाड लागायला मात्र १९७० उजाडलं.

आजच्या हिशेबानं पाहिलं तर त्या बेकारांनी केलेली मेहनत कुठल्याही जिमला लाजवेल अशी होती. वाकणं, उचलणं, ढकलणं, तेही दिवसभर. पण तिला व्यायाम म्हणणं त्यांच्यापैकी कुणाला थट्टाच वाटली असती. हेतू होता, आणि तो पोटाइतका पक्का होता. फक्त तो दुसऱ्यानं लादलेला होता. मध्यमवयात माणसानं हलावं यासाठी हल्ली ‘आयुष्याला हेतू असू द्या’ असं सांगतात, तेव्हा हा फरक सोयीनं विसरला जातो. हेतू कुणाचा, हा खरा प्रश्न.

त्याच दशकात सातारा भागातल्या एका छोट्या संस्थानात हाच प्रश्न दुसऱ्या बाजूनं सोडवला जात होता. औंधचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचा जन्म १८६८चा. तरुणपणी त्यांनी सँडो या युरोपीय पहिलवानाच्या पद्धतीनं, त्याची साधनं मागवून, वर्षानुवर्षं व्यायाम केला. सूर्यनमस्काराकडे ते वळले ते १९०८च्या सुमारास, म्हणजे चाळिशीत. १९०९ साली गादीवर आल्यावर त्यांनी नमस्कार हे राज्याचंच काम करून टाकलं. प्रजा निरोगी हवी तर राजानं आधी घाम गाळला पाहिजे, आणि तो लोकांना दिसला पाहिजे, असा त्यांचा खाक्या. संस्थानातल्या शाळांत नमस्कार आले. १९३८ साली त्यांचं या विषयावरचं इंग्रजी पुस्तक लंडनहून निघालं, तेव्हा राजे सत्तरीला टेकले होते.

चित्रं काढणारा, कीर्तन करणारा हा राजा म्हातारपणीही नमस्कार सोडत नव्हता, याचं कारण दंड-छातीच्या मापात शोधून सापडणार नाही. त्यांना प्रजेला काहीतरी दाखवायचं होतं. शाळेतल्या पोरांचं तसं नव्हतं. सक्तीच्या नमस्कारांचं शाळा सुटल्यावर काय होतं, हे मराठी वाचकाला ठाऊक आहेच.

वारीचं उदाहरण इथं टाळता येत नाही. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर, अडीच-तीन आठवडे, पावसात-चिखलात. एरवी गुडघ्याची तक्रार करणारी पन्नाशीची बाई डोक्यावर तुळस घेऊन हे अंतर काटते. ‘रोज इतकी पावलं चाला’ असं तिला कुणी सांगितलेलं नसतं.

नेदरलँड्समध्ये अशा हेतूसाठी घाम गाळण्याला नवी रूपं आली, ती बहुतेक आजाराच्या निमित्तानं. २००६पासून डच लोक फ्रान्समधल्या आल्प द्युएझचा एकवीस वळणांचा घाट एका दिवसात जास्तीत जास्त सहा वेळा चढतात, कर्करोगावरच्या संशोधनासाठी पैसे जमवायला. ‘आल्प द्युझेस’ हे त्या उपक्रमाचं नाव. सायकलवर पोट सांभाळत चढणारे अनेक जण घरातलं कुणीतरी गमावलेले असतात. पहाटेच्या अंधारात वळणांवर मेणबत्त्या लावलेल्या असतात. २०१२ साली अ‍ॅमस्टरडॅमच्या कालव्यांत एएलएस या मज्जातंतूंच्या आजारासाठी पोहण्याचा कार्यक्रम झाला. त्यात मॅक्सिमा स्वतः उतरल्या. तेव्हा त्या डच युवराजाच्या पत्नी होत्या, पुढच्या वर्षी राणी झाल्या, आणि वय होतं ४१. कालव्याचं पाणी काही फार हौसेनं उतरावं असं नसतं.

संशोधकांनीही हेतू आणि हालचाल यांच्या नात्याचा माग काढला आहे. आयशे येमिश्जिगिल आणि इवो व्लाएव यांनी अमेरिकेतल्या मध्यमवयीन आणि वयस्क लोकांच्या अनेक वर्षांच्या नोंदी तपासून २०२१ साली निष्कर्ष मांडले. जगण्याला दिशा आहे असं वाटणारे लोक पुढच्या काळात जास्त हालचाल करताना दिसले; आणि उलटही, हालचाल करणाऱ्यांत ती भावना पुढे जास्त आढळली. अशा नोंदींतून कारण आणि परिणाम ठामपणे वेगळे करता येत नाहीत, हे खरं. पण आधी मोठं ध्येय सापडू दे, मग बूट घालू, असं म्हणत बसलेल्यांना यातला दुसरा भाग उपयोगी आहे.

आणि हेतू दरवेळी कर्करोगाएवढा किंवा पंढरीएवढा मोठा असतोच असं नाही. सुरुवातीच्या त्या जंगलात, बोसमध्येच ‘व्हीआरए’ या १९१४ साली स्थापन झालेल्या क्लबचं क्रिकेट मैदान आहे. १९९९च्या विश्वचषकात २६ मे रोजी दक्षिण आफ्रिका आणि केनिया इथं खेळले आणि दक्षिण आफ्रिकेच्या क्लूसनरनं पाच बळी घेतले. गेल्या काही वर्षांत अ‍ॅमस्टेलव्हीनमध्ये भारतीय कुटुंबं मोठ्या संख्येनं आली. त्यांतले संगणकापुढे दिवस काढणारे, चाळिशी गाठलेले अनेक जण इथल्या क्लबांच्या खालच्या फळीतल्या संघांत खेळतात. जिमची वर्गणी भरून ती फुकट घालवणारा माणूस शनिवारी पावसाचं सावट असतानाही सकाळी किट उचलून निघतो, कारण अकरा भरत नाहीत आणि कर्णधाराचा फोन येऊन गेलेला असतो.