भंगारात जाणारी अक्षरे

टंकलेखनयंत्र निकामी झाले तरी त्यावर उमटवलेला कागद वाचण्यासाठी त्या यंत्राची गरज पडत नाही. संगणकाने हा संबंध बदलला. लेखन आणि लेखनसाधन यांची गाठ त्याने इतकी घट्ट बांधली, की पुष्कळदा यंत्राबरोबर मजकूरही नाहीसा होतो. म्हणून घरातला किंवा विभागातला जुना संगणक टाकावा की पुन्हा वापरात आणावा, हा प्रश्न केवळ काटकसरीचा राहत नाही. वाङ्मयाच्या अभ्यासकांच्या दृष्टीने तो दस्तऐवजांच्या जतनाचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर शोधायचे तर मराठी अक्षर संगणकात कसे शिरले याचा इतिहास थोडा तपासावा लागतो.

आरंभ वाईट नव्हता. १९८० च्या दशकात कानपूरच्या आयआयटीत भारतीय लिप्यांसाठी 'जिस्ट' हे तंत्र आकाराला आले. १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने ते पुढे वाढवले. संगणकात एक कार्ड बसवले की पडद्यावर देवनागरी उमटू लागे. १९८६ मध्ये इन्स्क्रिप्ट हा कळफलक प्रमाण ठरला आणि १९९१ मध्ये भारतीय मानक ब्युरोने 'इस्की' ही संकेतप्रणाली स्वीकारली. या साऱ्यामागचे तत्त्व महत्त्वाचे होते: संगणकात साठवायचा तो वर्ण, त्याचा आकार नव्हे. 'क' पूर्ण दिसावा की जोडाक्षरात अर्धा, हे पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्रणेने ठरवावे. आपल्या वर्णविचाराशी हे तत्त्व सहज जुळणारे होते.

छपाईच्या व्यवसायाने मात्र दुसरी वाट धरली, आणि तिला कारण होते. पानांच्या मांडणीची प्रचलित सॉफ्टवेअरे रोमन लिपीसाठी घडवलेली होती. त्यांतून मराठी छापण्याचा सोपा उपाय म्हणजे रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेला फॉन्ट. काना, वेलांटी, अर्धी अक्षरे, रफार असे सुटे तुकडे जोडून शब्द तयार होई. अंतिम वस्तू कागदावरच उमटायची असल्याने आत काय साठवले आहे याची चिंता कोणाला नव्हती. 'कृतिदेव' या फॉन्टचे उदाहरण घेऊ. त्यात 'मराठी' हा शब्द टंकला तर धारिकेत प्रत्यक्षात ई, जे, के, बी आणि एच ही पाच इंग्रजी अक्षरे साठवली जातात. फॉन्ट आहे तोवर ती मराठी. फॉन्ट गेला की निरर्थक इंग्रजी. दुसऱ्या फॉन्टमध्ये हीच अक्षरे आणखी वेगळे काही दाखवतात.

परिणाम असा, की १९९० च्या दशकापासून अक्षरजुळणी झालेले कितीतरी विशेषांक, प्रबंध आणि पुस्तके संगणकाच्या लेखी मराठीत नाहीतच. त्यांत शब्द शोधता येत नाही, सूची करता येत नाही. त्यांची पीडीएफ प्रत डोळ्यांना निर्दोष दिसते, पण तिच्यातला परिच्छेद उचलून दुसरीकडे ठेवला की इंग्रजी अक्षरांची रास हाती येते. मूळ मजकूर जुन्या फॉन्टसह उघडेल असा संगणक बहुधा एखाद्या अक्षरजुळणीकाराच्या खोलीतच उरलेला असतो. तो भंगारवाल्याकडे गेला की ती वाटही बंद होते.

युनिकोडने वर्ण साठवण्याचे तत्त्व पुन्हा प्रस्थापित केले. १९९१ मधील पहिल्या आवृत्तीतच देवनागरीला १२८ जागांचा विभाग मिळाला, आणि त्याची रचना इस्कीच्या १९८८ च्या मसुद्यावर आधारलेली होती. विंडोज २००० बरोबर 'मंगल' हा फॉन्ट आला आणि सामान्य वापरकर्त्याला ही सोय मिळाली. तरी मराठीच्या सर्व गरजा लगेच भागल्या नाहीत. 'ॲ' या वर्णाला स्वतंत्र स्थान २००८ मध्ये, ५.१ या आवृत्तीत मिळाले. त्याआधी तो 'अ' आणि चंद्र जोडून लिहिला जाई. म्हणून दिसायला सारखे असणारे दोन शब्द शोधताना आजही वेगळे ठरू शकतात.

जुना मजकूर युनिकोडमध्ये आणणारे परिवर्तक उपलब्ध आहेत, पण ते काम यांत्रिक नाही. 'किती' या शब्दातली पहिली वेलांटी जुना फॉन्ट 'क'च्या आधी साठवतो, युनिकोड नंतर. 'धर्म'मधला रफार जुन्या धारिकेत 'म'च्या पुढे असतो, युनिकोडमध्ये 'र' त्याच्या आधी. परिवर्तकाला हा क्रम उलटवावा लागतो, आणि चुका तेथेच होतात. मोडीचे बाळबोधीकरण करणाऱ्यांना ही अडचण अपरिचित वाटणार नाही. मोडी लेखनात इकार-उकारांचा ऱ्हस्वदीर्घ भेद सहसा पाळला जात नसे, त्यामुळे तो लिप्यंतरकाराला ठरवावा लागतो. दोन्हीकडे गरज आहे ती पाठचिकित्सेची. ती करण्याची पात्रता संगणकतज्ज्ञाहून भाषेच्या विद्यार्थ्याकडे अधिक आहे.

आता जुन्या संगणकाकडे वळू. तो पुष्कळदा बिघडल्यामुळे नव्हे, तर त्याच्या प्रणालीचा पाठिंबा संपल्यामुळे निवृत्त होतो. विंडोज एक्सपीचा पाठिंबा ८ एप्रिल २०१४ रोजी संपला, विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. अशा यंत्राला आम्ही दोन कामे सुचवू. ज्यात जुने फॉन्ट आणि धारिका आहेत, त्याला महाजालापासून दूर ठेवून परिवर्तनासाठी राखावे. मात्र पहिल्याच दिवशी हार्ड डिस्कवरील सर्व सामग्रीची प्रत काढावी, फॉन्टसकट. कारण फिरती डिस्क सूचना न देता बंद पडू शकते. दर वेळी तारीख मागे जात असेल तर घाबरू नये. बहुधा आतली नाण्याएवढी बॅटरी संपलेली असते, आणि ती सहज बदलता येते. ज्यात जपण्यासारखे काही नाही, त्यावर हलक्या मांडणीची लिनक्स बसवावी. लेखन, वाचन आणि मुद्रितशोधन यांना तेवढे पुरते. अर्थात येथेही काळ थांबलेला नाही. २०२५ च्या डेबियन १३ मध्ये ३२-बिटच्या जुन्या यंत्रांवर नव्याने बसवण्याची सोय उरलेली नाही.

नवे साधन निवडतानाही हा इतिहास एक कसोटी देतो. साधन किती वेगवान आहे याआधी विचारावे, की त्यात लिहिलेले त्याच्याविना वाचता येईल का. युनिकोडमधली साधी मजकूर-धारिका या कसोटीला उतरते. एकाच कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडणारी धारिका उतरत नाही, मग ती कितीही देखणी असो. तीनशे वर्षांपूर्वीचे मोडी पत्र वाचणारे आपल्यात आहेत. तीस वर्षांपूर्वीचा दिवाळी अंक संगणकावर वाचता येऊ नये, ही स्थिती बदलण्यासाठी लागणारी यंत्रे अजून माळ्यांवर आणि विभागांच्या कपाटांत आहेत. ती तेथे फार काळ राहणार नाहीत.