मधुमेही पाऊल : तीव्रतेचे मूल्यमापन

मधुमेह बरीच वर्षे अनियंत्रित राहिला की पायाच्या नसा बधिर होतात आणि पायाकडे जाणाऱ्या रोहिण्या अरुंद होतात. अशा पावलावर पडलेली जखम दुखत नाही, लवकर भरत नाही आणि सहज चिघळते. या विकाराला मधुमेही पाऊल म्हणतात. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १०.१ कोटी मधुमेही आहेत. मधुमेहींपैकी साधारण पाचातील एकाला तरी आयुष्यात कधी ना कधी पायाची जखम होते. त्यांतल्या काहींचे बोट जाते, काहींचा पाय गुडघ्याखालून काढावा लागतो. हे नुकसान पुष्कळदा टाळता येण्याजोगे असते. मात्र त्यासाठी जखम किती मोठी दिसते यापेक्षा ती किती धोक्याची आहे हे पहिल्याच तपासणीत ठरवावे लागते. हा धोका जखमेच्या खोलीइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, रक्तपुरवठा आणि जंतुसंसर्ग यांवर अवलंबून असतो. म्हणून या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या मोजून नोंदवणे हा पाय वाचवण्याच्या उपचाराचाच पहिला भाग ठरतो.

तीव्रता मोजण्याची सर्वांत परिचित पद्धत मेगिट आणि वॅग्नर यांच्या नावाने ओळखली जाते. १९७६ ते १९८१ या काळात रूढ झालेल्या या पद्धतीत शून्य ते पाच अशा श्रेणी आहेत. शून्य म्हणजे अखंड त्वचा, एक म्हणजे वरवरची जखम, दोन म्हणजे कंडरा, सांधा किंवा हाडापर्यंत गेलेली, तीन म्हणजे खोलवर पू किंवा हाडाचा संसर्ग, चार म्हणजे पावलाच्या पुढच्या भागातील गँगरीन आणि पाच म्हणजे सबंध पावलाचे गँगरीन. ही शिडी लक्षात ठेवायला सोपी आहे, पण तिच्यात एक मोठी उणीव आहे. पायाला रक्त कमी पोहोचते आहे ही गोष्ट तिच्यात चौथ्या पायरीवर, म्हणजे बोट काळे पडल्यावर, दिसू लागते. रक्तपुरवठा तुटपुंजा असलेली अंगठ्यावरची उथळ जखम आणि उत्तम रक्तपुरवठ्याची तशीच जखम, या दोन्हींना ती एकच आकडा देते. १९९६ मध्ये मांडलेल्या टेक्सास विद्यापीठाच्या पद्धतीने ही त्रुटी भरून काढली. तिच्यात खोलीच्या प्रत्येक श्रेणीला संसर्ग नाही, संसर्ग आहे, रक्तपुरवठा कमी आहे, आणि दोन्ही आहेत, अशा चार अवस्था जोडलेल्या असतात. १९९८ मध्ये ३६० रुग्णांवर ही पद्धत पडताळली गेली. ज्यांची जखम हाडापर्यंत पोहोचली होती त्यांच्यात पावलाच्या मध्यापासून वर पाय काढावा लागण्याची शक्यता सुमारे ११ पट आढळली; ज्यांच्यात संसर्ग आणि अपुरा रक्तपुरवठा एकत्र होते त्यांच्यात ती जवळजवळ ९० पट होती. केवळ खोलीवरून निर्णय का करू नये, याचा याहून स्पष्ट पुरावा मिळणे कठीण.

तपासणीची साधने मात्र साधी आहेत. चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही, असे रुग्ण सांगतो तेव्हाच बधिरतेचा संशय घ्यावा. मग १० ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा तंतू डोळे मिटलेल्या रुग्णाच्या तळपायाला टेकवतात. तंतू वाकला तरी स्पर्श जाणवला नाही, तर पायाला इजेपासून वाचवणारी संवेदना गेली आहे असे समजतात. जखमेच्या कडेचा घट्टा तासून काढल्याशिवाय तिची खरी खोली कळत नाही. नखाएवढ्या छिद्राखाली पुष्कळदा मोठी पोकळी निघते. निर्जंतुक बोथट सळई हलकेच आत घातल्यावर टोकाला कडक, खरखरीत हाड लागले, तर हाडात संसर्ग असण्याचा संशय बळावतो. रक्तपुरवठ्यासाठी पावलाच्या नाड्या चाचपाव्यात आणि घोट्याच्या रक्तदाबाची दंडाच्या रक्तदाबाशी तुलना करावी. इथे एक फसवणूक ध्यानात ठेवायला हवी. मधुमेहात रोहिण्यांच्या भिंतींत कॅल्शियम साचून त्या ताठर होतात, दाबल्या जात नाहीत आणि घोट्याचा आकडा खोटाच चांगला येतो. म्हणून अंगठ्याचा दाब अधिक विश्वसनीय. तो पाऱ्याच्या ३० मिलिमीटरांखाली असेल तर रक्तवाहिन्यांच्या शल्यचिकित्सकाकडे तातडीने पाठवावे. संसर्ग पाहताना जखमेभोवतीची लाली २ सेंटिमीटरांच्या आत आहे की पुढे पसरली, आणि नाडी ९० च्या वर किंवा श्वास २० च्या वर आहे का, हे मोजावे. ताप नाही म्हणून निर्धास्त राहू नये. मधुमेहीच्या गंभीर संसर्गातही तो नसू शकतो.

अमेरिकेतील रक्तवाहिनी शल्यचिकित्सकांच्या संस्थेने २०१४ मध्ये याच तिन्ही घटकांवर आधारलेली पद्धत मांडली. जखम, रक्तपुरवठा आणि संसर्ग यांना प्रत्येकी शून्य ते तीन गुण देऊन ६४ शक्यता चार टप्प्यांत बसवल्या आहेत. तिच्यासाठी दाब मोजण्याची सोय लागते. ती नसेल तिथे २००८ ची सिनबॅड ही सहा गुणांची पद्धत पुरते. जखमेची जागा, रक्तपुरवठा, बधिरता, संसर्ग, १ चौरस सेंटिमीटर वा अधिक क्षेत्रफळ आणि खोली, यांतील प्रत्येक दोषाला एक गुण. प्राथमिक आरोग्य केंद्रातून मोठ्या रुग्णालयाला फोनवर सांगण्याजोगी ही माहिती आहे.

यावर पहिला आक्षेप असा की अनुभवी डॉक्टरला हे नजरेनेच कळते. अनुभवाचे मोल खरेच मोठे आहे, परंतु ताठर रोहिणी आणि घट्ट्याखालची पोकळी नजरेला दिसत नाहीत. शिवाय आठवड्याने दुसऱ्या डॉक्टरने पाय पाहिला, तर जखम सुधारली की बिघडली हे आकड्यांच्या नोंदीवरूनच ठरते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. वरच्या टप्प्याचा शिक्का बसला की पाय कापण्याची घाई होईल, असे म्हटले जाते. प्रत्यक्षात २०१४ च्या पद्धतीत गुणांच्या प्रत्येक शक्यतेसोबत रक्तप्रवाह पुन्हा सुरू करून किती लाभ होईल याचाही अंदाज दिलेला आहे. वरचा टप्पा सांगतो तो आजच धावपळ करण्याची गरज, हार मानण्याची नव्हे. तिसरा आक्षेप असा की रुग्ण उशिरा येतो, मग मोजून काय होणार? घरगुती लेप, अनवाणी चालणे आणि वेदनेचा अभाव यांमुळे उशीर होतो हे खरे. पण ज्या गावात पहिल्याच दिवशी संसर्गाचा आणि रक्तपुरवठ्याचा आकडा लिहिला जातो, तिथे निदान दवाखान्यात पोहोचल्यानंतरचा उशीर टळतो, आणि तो टाळणे पूर्णपणे आपल्या हातात आहे.

मूल्यमापनाला उपचाराची जोड हवी : पू काढणे, योग्य प्रतिजैविके, रक्तप्रवाहाची दुरुस्ती आणि जखमेवरचा भार हटवणे. भार हटवण्याची कल्पना भारताला नवी नाही. कुष्ठरोग्यांच्या बधिर पावलांसाठी वेल्लोरमध्ये डॉ. पॉल ब्रँड यांनी केलेल्या कामातून प्लास्टर आणि मऊ रबराच्या पादत्राणांचा उपयोग सिद्ध झाला होता. तीच सूक्ष्मछिद्री रबराची चप्पल आज मधुमेहींनाही दिली जाते. जखम भरल्यावरही धोका सरत नाही. भरलेल्या जखमांपैकी सुमारे ४० टक्के वर्षभरात पुन्हा उघडतात. म्हणून योग्य उपचारानंतर चार ते सहा आठवड्यांत जखम भरली नाही तर रक्तपुरवठा पुन्हा तपासावा, आणि भरली तरी पाऊल दर भेटीत उघडे करून पाहावे. मोजे उतरवून तळपाय पाहायला लागणारी दोन मिनिटे ही पाय वाचवण्याची सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित संधी आहे.