आटणे आणि आटवणे : अरल ते नाथसागर

‘आटणे’ हे क्रियापद अकर्मक आहे. विहीर आटते, तळे आटते. आटवणारा कोण, हे वाक्यात सांगावे लागत नाही. आटलेल्या पाण्याचा इतिहास वाचताना हे व्याकरण ध्यानात ठेवणे आम्हाला अगत्याचे वाटते.

१९६० च्या सुमारास मध्य आशियातील अरल समुद्र हे जगातील चौथ्या क्रमांकाचे सरोवर होते. विस्तार सुमारे ६८,००० चौरस किलोमीटर. त्याला पाणी पुरवणाऱ्या अमू दर्या व सिर दर्या या नद्या सोव्हिएत नियोजनकारांनी कापसाकडे वळवल्या. १९८७ च्या सुमारास सरोवर दुभंगले आणि २००७ पर्यंत मूळ विस्ताराचा जेमतेम दहावा हिस्सा उरला. मोयनाक बंदरातील जहाजे वाळूत रुतली. उघड्या तळावरील मीठ आणि शेतांतून वाहून आलेली कीटकनाशके धुळीबरोबर वस्त्यांत शिरली. १९९१ साली सोव्हिएत संघ विसर्जित झाला, तेव्हा एका सत्तेने केलेला निर्णय पाच राष्ट्रांच्या वाट्याला भांडण म्हणून आला.

आता गोदाकाठाकडे वळू. बीड जिल्ह्यातील तलवाडा ज्या गेवराई तालुक्यात आहे, तेथून जायकवाडीचा उजवा कालवा माजलगावकडे जातो. ‘जायकवाडी’ हे नावही बीड जिल्ह्यातील एका गावाचे. हैदराबाद राज्याच्या काळात धरण तेथे योजले होते, पुढे ते वर पैठणला सरकले. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झाली, १९७६ साली धरण पूर्ण झाले. समुद्रापासून दूर असलेल्या मराठवाड्याने त्या उथळ, विस्तीर्ण जलाशयाला ‘नाथसागर’ म्हटले. शंभराहून अधिक गावे त्याच्या पोटात गेली.

सागराची एकूण क्षमता सुमारे १०२ टीएमसी. पण ती भरायची कोणी? वर दारणा (१९१६) आणि भंडारदरा (१९२६) ही धरणे आधीच होती. पुढे गंगापूर, मुळा यांची भर पडली. उसाच्या मळ्यांना आणि वाढत्या शहरांना लागणारे पाणी वरच अडू लागले. २०१२-१३ च्या दुष्काळात नाथसागराचा मृतसाठा उपसावा लागला. २००५ च्या कायद्यात समन्यायी वाटपाचे तत्त्व आले. मेंढेगिरी समितीच्या अहवालानंतर २०१४ साली जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने आदेश दिला आणि २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयाने समन्यायी वाटपाची बाजू उचलून धरली. तरी २०२३ साली ८.६ टीएमसी पाणी सोडण्याचा आदेश निघताच वाद पुन्हा पेटला.

दोन्ही कथा एक नव्हेत, हे मान्य केले पाहिजे. नाथसागर चांगल्या पावसाळ्यात पुन्हा भरतो. २००६ साली तर त्याच्या विसर्गाने पैठण जलमय झाले. पण या भरण्यातच धोका आहे, असे आम्हास वाटते. दरवाजे उघडले की वाटपाचा प्रश्न विस्मरणात जातो आणि पुढचे तुटीचे वर्ष पुन्हा ‘निसर्गाची अवकृपा’ म्हणून नोंदले जाते. अरलच्या उत्तर भागात २००५ साली कोक-अरल बंधारा पूर्ण झाल्यावर पाणी चढले, मासे परतले. दक्षिण भाग मात्र वाळतच गेला. पाणी परत आणण्याचा निर्णयही माणसांचाच होता.

तलवाड्याच्या शिवारात कालव्याची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याला ‘पाणी आटले’ एवढेच सांगणे म्हणूनच अपुरे आहे. कर्ता लिहिला, तरच ते वाक्य इतिहासाचे होईल.